लिस्टवर कोणाचीच हरकत नाही

प्रफुल्ल भानारकर नेमकं काय करतो हे सिंदेवाहीत कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानेही ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगून समजेल असा माणूस तालुक्यात नाही याबद्दल त्याची पक्की खात्री होती. लोकांनी आपापली सोय लावून घेतली होती. शेजारी म्हणत, घरबसल्या शेअर बाजार खेळतो. बँकेतला शिपाई म्हणे, मोबाइल दुरुस्त करतो. अधूनमधून कोणीतरी आधार कार्डाला नंबर जोडून घ्यायला दारात येऊन उभं राही, आणि प्रफुल्ल त्याच्याकडे अशा नजरेने बघे की तो माणूस कार्ड खिशात घालून निमूट परत जाई.

तो करत होता ते असं. जगातल्या बहुतेक मोठ्या यंत्रांच्या पोटात लिनक्स चालतं आणि लिनक्सच्या पोटात कर्नल. माहितीची पॅकेटं एका यंत्राकडून दुसऱ्याकडे न हरवता कशी न्यायची याचे नियम, म्हणजे ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल, त्या कर्नलमध्येच असतात. त्यात कोणीही सुधारणा सुचवू शकतो. तिला पॅच म्हणतात. पॅच मेलने एका सार्वजनिक लिस्टवर पाठवायचा, लिस्टवरच्या जाणत्यांनी तो वाचून त्यातल्या चुका काढायच्या, आणि सगळं ठीक असेल तर त्या विभागाच्या प्रमुखाने तो कर्नलमध्ये घ्यायचा. प्रफुल्ल चुका काढणाऱ्यांपैकी होता. पुण्याची एक कंपनी त्याला त्याचा पगार देत असे. लॉकडाऊनमध्ये तो गावी आला आणि राहिलाच. त्याची बायको दामिनी तिथल्या शाळेत भूगोल शिकवायची. नवरा आयुष्यभर फुकट करत आला त्याच कामाचे कोणी पैसे देतं, हे तिला बरेच दिवस खरं वाटलं नव्हतं.

पॅच पाठवणाऱ्यांबद्दल प्रफुल्लचं मत चांगलं नव्हतं. त्यांच्या त्याने जाती पाडल्या होत्या. कंपनीवाले दोन यंत्रं एकाच टेबलावर ठेवून मध्ये हातभर केबल लावत आणि त्यालाच जग समजत. विद्यार्थ्यांना बायोडेटात कर्नलचं नाव हवं असे, म्हणून ते कुठल्यातरी टिपेतला स्वल्पविराम सुधारून पाठवत. हल्ली तिसरी जात निघाली होती. ती एआयकडून पॅच लिहून घेई, आणि त्यात कर्नलमध्ये कधीच नसलेल्या फंक्शनांची नावं अशा थाटात येत की वाचणाऱ्याला स्वतःचीच शंका यावी. चौथी जात पॅच पाठवत नसे. कोणाच्याही पॅचखाली ‘मला बरं दिसतंय’ एवढंच लिहून ती पुढे जाई. प्रफुल्लच्या लेखी ही सगळ्यांत हलकी जात.

लिस्टचे रिवाज त्याला जिवापेक्षा प्यारे होते. समोरच्याची ओळ उद्धृत करायची आणि आपलं उत्तर तिच्या खाली लिहायचं, वर कधीच नाही. मेल साधा हवा, निव्वळ अक्षरांचा. रंगीत, ठळक, एचटीएमएलवाला मेल लिस्टचा सर्व्हर दारातूनच परत धाडतो. नव्या पोरांकडून ही चूक हमखास होई. मग ती बिचारी प्रमुखाला खासगीत विचारत, प्रमुख ते लिस्टवर मांडे, आणि प्रफुल्ल खाली आपलं ठरलेलं वाक्य टाके: ‘ज्याला साधा मेल धड पाठवता येत नाही, त्याने पॅकेट कसं पाठवावं हे आम्हाला शिकवू नये.’ या वाक्यावर तो मनोमन खूश होता. ते त्याने इतक्यांना चिकटवलं होतं की लिस्टवर काही लोक त्याला त्या वाक्यावरूनच ओळखत.

इतकं सगळं करून कर्नलमध्ये त्याचं स्वतःचं म्हणावं असं फार थोडं होतं. इतरांच्या चुका काढणाऱ्याचं असंच होतं. पण मूठभर ओळी मात्र त्याच्या होत्या, आणि त्या त्याने एका खऱ्या गरजेतून लिहिल्या होत्या.

त्याची चुलत बहीण रीना धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका लहानशा दवाखान्यात एक्स-रे काढायची. काढलेला फोटो चंद्रपूरच्या डॉक्टरकडे जाई, आणि त्याने बघून सांगितल्यावर पेशंटला गाडीत घालायचं की गोळ्या देऊन घरी धाडायचं ते ठरे. फोटो जड, नेटवर्क मरतुकडं. प्रफुल्लने तिथे एक डबा बसवून दिला होता. त्यात दोन कंपन्यांची दोन सिमं होती आणि कर्नलमधला एक प्रोटोकॉल दोन्ही वाटांनी एकदम माहिती नेई. एक वाट बंद पडली तर दुसरी असायची. कागदावर उत्तम. तिथे गेल्यावर कळलं की कंपन्या दोन असल्या तरी टॉवर एकच आहे, डोंगरावरचा, दोघींनी मिळून भाड्याने घेतलेला. वीज गेली की टॉवर बसे, टॉवर बसला की दोन्ही वाटा एकदमच बंद, आणि जनरेटर सुरू करणारा दसरू मडावी सायकलवरून डोंगराखाली पोचेपर्यंत सगळं ठप्प.

म्हणून त्याने त्या ओळी लिहिल्या. दोन्ही वाटा बंद झाल्या तरी जोडणी तोडायची नाही, तशीच धरून ठेवायची. वाट उघडली की जिथे थांबलो तिथून पुढे. वर त्याने एक टीप लिहिली होती. कर्नलमध्ये त्याच्या नावावर असलेलं एवढंच साहित्य: ‘समोरचा गप्प झाला म्हणजे मेला असं समजू नये. तिकडे वीज गेली असेल.’

मे महिन्यात ब्रेंडन नावाच्या कोणा कंपनीवाल्याचा पॅच आला. या ओळी काढून टाकाव्यात, असं त्याचं म्हणणं होतं. कारण दिलं होतं की दोन स्वतंत्र वाटा एकाच वेळी बंद पडल्याचं कुठल्याही खऱ्या नेटवर्कवर आढळत नाही. तसं झालंच तर समोरचा मेला असं समजून जोडणी ताबडतोब सोडावी, उगाच मेमरी कशाला अडवायची. खाली चौथ्या जातीच्या दोघातिघांनी ‘मला बरं दिसतंय’ लिहून ठेवलं होतं.

“खरं नेटवर्क,” प्रफुल्ल दामिनीला म्हणाला. “याच्या टेबलावर आहे तेवढं खरं. बाकी आपण सगळे काय खोटे?”

“मले काऊन सांगता? त्याले सांगा,” दामिनी पेपर तपासता तपासता म्हणाली. तीही लाल पेनानेच बोलत असे.

तो सांगायला बसला. दुपारभर लिहीत होता. ब्रेंडनच्या प्रत्येक ओळीखाली त्याने एकेक उत्तर रचलं, त्यात दवाखाना आला, टॉवर आला, दसरूची सायकलही आली, आणि शेवटी ब्रेंडनला त्याने टेबलासकट धानोऱ्याला यायचं आमंत्रण दिलं. मजकूर संपला आणि तेवढ्यात वादळ उठलं. कुठेतरी मोहाचं झाड तारेवर पडलं, पंखा थांबला, पडदा काळा झाला. यूपीएसने एकदा चिरकून मान टाकली.

यूपीएसची बॅटरी मेली आहे हे गल्लीतला बॅटरीवाला लटारू त्याला हिवाळ्यापासून सांगत होता. “भाऊ, बदलून घ्या, उन्हाळ्यात दगा देईन थे,” असं तो प्रत्येक भेटीत म्हणे. प्रफुल्लला वाटे, याला विजेतलं काय कळतं, याला फक्त विकायचं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

मजकूर गेला नव्हता. त्याचा मसुदा मेलच्या खात्यात शाबूत होता. त्याने फोन उघडला. फोनवर त्याने लिस्ट कधी लावलीच नव्हती. फोनवरून लिस्ट वाचणारे त्याला चौथ्या जातीचेच वाटत. मसुदा कॉपी केला, नव्या मेलमध्ये चिकटवला, आणि पत्ता टाकला लिस्टचा, कारण तो एकच त्याला तोंडपाठ होता. ब्रेंडनचा पत्ता नाही, विभागप्रमुख हॉल्गरचाही नाही. ज्याला वाचायचं तो लिस्टवर येऊन वाचेल. पाठवा दाबलं आणि फोन उशीवर टाकला.

नंतर वीज आली तेव्हा नेहमीप्रमाणे त्याने तो सगळा पत्रव्यवहार नजरेआड करून टाकला, म्हणजे त्यातलं नवं काहीही समोर येऊ नये. एकदा नाकारलेल्या पॅचकडे पुन्हा वळून बघायचं नाही ही त्याची पद्धत होती.

आठवडा गेला. उत्तर नाही.

“काय म्हन्ते तुमचा ब्रेंडन?” दामिनीने चहा देताना विचारलं.

“काय म्हणणार. बोलती बंद.”

“अन् तो मोठा साहेब, हॉल्गर?”

“तोही गप्प.” प्रफुल्लने चहात बिस्कीट बुडवलं. “काही उत्तरच नसेल तर माणूस गप्पच बसणार ना.”

दुसरा आठवडा गेला. ती शांतता प्रफुल्लला मानवली. त्याचं वजन थोडं वाढल्यासारखं दिसू लागलं. मग जूनच्या तोंडाला रीनाचा फोन आला.

“दादा, फोटो जाऊनच नाई राह्यला. मधातच तुटते अन् पहिल्यापासून सुरू होते. तीनदा झाला.”

“तू काहीतरी दाबलं असशील.”

“मी काई नाई दाबली. लाइट गेली का तुटते. पयले असा नोता होत. पयले थांबून राहे अन् मंग जाये.” रीनाच्या आवाजात तक्रार नव्हती, घाई होती. “झाडू आत्राम म्हनून पेशंट आहे. झाडावरून पडला, तेंदूवाल्यायसोबत गेल्ता. बाकावर बसून आहे छाती धरून. डॉक्टर म्हन्ते फोटो पाहल्याबगर मी नाई सांगत.”

“त्याला गाडीत घाल,” प्रफुल्ल म्हणाला. “फोटोची वाट नको पाहू.”

“घातलीच समजा. पन दरवेळेस गाडी राह्यते का इथी?”

दवाखान्यातला डबा प्रफुल्लने कायम कर्नलच्या अगदी ताज्या, अजून जगाला न दिलेल्या आवृत्तीवर ठेवला होता. आपल्या ओळींची रोजची परीक्षा खऱ्या जंगलात होते, हे लिस्टवर सांगायला बरं पडे. त्याने इथून डब्यात शिरून बघितलं. दोन्ही वाटा बंद होताच जोडणी तोडलेली होती. ताबडतोब, नियमाने, कसलीही चूक न करता. त्याने कर्नलमध्ये आपल्या ओळी शोधल्या. नव्हत्या. टीपही नव्हती.

नजरेआड केलेला पत्रव्यवहार त्याने पुन्हा वर काढला. शेवटचा मेल हॉल्गरचा होता. ‘घेतला. धन्यवाद. दोन आठवडे लिस्टवर होता, कोणाचीच हरकत नाही.’ त्याखाली असंही, की रविवारी आपण विभागाचे सगळे पॅच वर, मुख्य कर्नलकडे धाडत आहोत. तिकडे गेले की ओळी परत आणणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं आलं.

लिस्टवर त्याची हरकत कुठेच नव्हती. प्रफुल्लने ती तीनतीनदा शोधली. मग एकच अर्थ उरला, आणि तो त्याला अजिबात अशक्य वाटला नाही.

“दाबली,” तो दामिनीला म्हणाला. “माझा मेल दाबला त्यांनी. कंपनीच्या सोयीसाठी.”

“तुमच्या एका मेलासाठी एवढी उठाठेव कोन करन जी?”

“तुला नाही कळायचं त्यातलं राजकारण.”

त्याने डाव आखला. आता तक्रार त्याने करायचीच नाही. तक्रार वापरणाऱ्याने करावी. दवाखान्यातून, पेशंटच्या नावानिशी. म्हणजे दाबायची हिंमत होणार नाही, आणि मग प्रफुल्ल वरून येऊन निकाल देईल. त्याने रीनाला इंग्रजी मजकूर धाडला आणि तिच्या नावाने लिस्टला मेल करायला सांगितलं. कसा करायचा ते सांगितलं नाही. ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

पाच मिनिटांत तिचा फोन.

“दादा, थो परत आला.”

“काय परत आला?”

“मेल. इंग्रजीत हाये. थांबा, वाचून दाखवतो.” तिने अडखळत पण पूर्ण वाचलं. लिस्टवर एचटीएमएल मेल स्वीकारले जात नाहीत. कृपया साध्या मजकुरात पुन्हा पाठवा. “मोबाइलवरून धाडली ना, म्हनून असन. तुमी कायवरून धाडला होता?”

प्रफुल्लने कानावरचा फोन खाली घेऊन त्याच्याकडे पाहिलं.

“दादा? गेला का नेटवर्क?”

“नाही. आहे,” प्रफुल्ल म्हणाला.

यंत्रांनी आपोआप लिहिलेले मेल वाचणं त्याला कमीपणाचं वाटे. म्हणून त्याने कधीकाळी अशी सोय करून ठेवली होती की असं काही आलं की ते परस्पर कचऱ्यात जावं. त्याने कचरा उघडला. वादळाच्या दुपारचा नकार तिथे पडून होता. तो मेल गेला त्याच मिनिटाला आलेला. कोणी दाबलं नव्हतं, कोणी राजकारण केलं नव्हतं. एका निर्बुद्ध सर्व्हरने त्याला अत्यंत सभ्य शब्दांत तेच सांगितलं होतं जे तो इतकी वर्षं पोरांना असभ्य शब्दांत सांगत आला होता.

तो अंगणात जाऊन उभा राहिला. गप्प राहिलं तर कोणाला काहीच कळणार नव्हतं. ओळी जातील, जाऊ देत. दवाखान्याच्या डब्यात जुनं कर्नल टाकून देता येईल, रीनाचे फोटो जात राहतील. पण बाकीच्या डोंगरांवर बाकीचे टॉवर होते, आणि ती टीप आता जगात कुठेच असणार नव्हती. दुसरीकडे ते वाक्य होतं. ते मात्र लिस्टच्या संग्रहात कायमचं होतं, त्याच्या नावासकट, वर्षावर्षाचं.

तो आत येऊन लिहायला बसला. पहिला मसुदा सुरेख उतरला: ‘आमच्या वनक्षेत्रातल्या नेटवर्कच्या बिघाडामुळे माझी हरकत वेळेत पोचू शकली नाही.’ यात खोटं म्हणावं असं काही नव्हतं. आणि नेटवर्क काही लिस्टवर येऊन उत्तर देणार नव्हतं.

पण पाठवण्याआधी तपासायची सवय. त्याने आपलाच मसुदा दुसऱ्याचा असल्यासारखा वाचला, आणि दुसऱ्याबद्दल त्याला जे वाटे तेच लगेच वाटू लागलं. कसला गलथान युक्तिवाद. या माणसाचं म्हणणं काय, तर नेटवर्क गप्प झालं तरी धीर धरा, पोचवायचं ते शेवटी पोचवतंच. आणि पुरावा काय देतोय, तर माझा मेल नेटवर्कने खाल्ला. मग ब्रेंडन दोन ओळींत विचारेल की असल्या नेटवर्कसाठी जोडणी धरून ठेवायचीच कशाला. आणि बरोबर विचारेल. शिवाय ते खरंही नव्हतं. वादळात, वीज नसताना, तसल्याच मरतुकड्या टॉवरवरून मेल जर्मनीतल्या लिस्टच्या सर्व्हरपर्यंत पोचला होता आणि त्याचा नकार त्याच मिनिटाला परतही आला होता. सगळ्या साखळीत चोख काम न करणारा एकच भाग होता, आणि तो टॉवरपासून बराच अलीकडे होता.

“काय पाहून राह्यले तिकडे?” दामिनीने विचारलं.

“या मसुद्यात काही दम नाही.”

“कोनाचा आहे?”

“आहे एकाचा.”

त्याने तो पुसला आणि दुसरा लिहिला, या वेळी टेबलावरच्या यंत्रावरून, साध्या अक्षरांत, हॉल्गर आणि ब्रेंडन दोघांनाही पत्ता घालून. दवाखान्याची हकिगत, एकाच डोंगरावरचा टॉवर, तुटलेल्या जोडणीचा पुरावा, तपासणी करणारी म्हणून रीना भानारकर हे नाव. ओळी परत घालण्याचा पॅच. आणि वर, टाळता येईना म्हणून, हे: ‘माझी हरकत वेळेत लिस्टवर आली नाही, कारण मी ती फोनवरून एचटीएमएलमध्ये पाठवली आणि परत आलेला नकार वाचला नाही. नेटवर्कचा दोष नव्हता. नेटवर्कने दोन्ही पोचवलं.’

पाठवलं. या खेपेला लिस्टवर जाऊन, आपला मेल तिथे दिसेपर्यंत तो खुर्चीवरून उठला नाही.

ब्रेंडनचं उत्तर आधी आलं. तो चक्क दिलगीर होता. दोन कंपन्या एकच टॉवर वापरतात हे आपल्या ध्यानातही आलं नव्हतं, असं त्याने लिहिलं होतं. दोन्ही वाटा एकदम तोडून बघणारी एक चाचणी आपण कायमची कर्नलमध्ये घालू, तिला दवाखान्याचं नाव दिलं तर चालेल का, असंही विचारलं होतं. प्रफुल्लला हे आवडलं नाही. ज्याला तुच्छ लेखायचं ठरवलं त्याने असं वागणं म्हणजे विश्वासघातच. हॉल्गरचं उत्तर त्यामानाने कोरडं होतं: ‘ओळी परत घातल्या. प्रफुल्ल, पुढच्या वेळी साध्या मजकुरात.’

ओळी परत आल्या. टीप परत आली. त्याने रीनाला फोन केला.

“डबा आजच नवा करतो. आता तुटणार नाही. झाडूचं काय?”

“बरगडी हाये. दोन. चंद्रपूरले नेला गाडीनं, बरा हाये म्हन्ते.” मग तिनेच विचारलं, “दादा, माहा नाव घातले म्हन्ते तुमी त्या इंग्रजीत. कोन वाचते थे?”

“कोणी नाही,” प्रफुल्ल म्हणाला. “पण राहतं.”

तो परत लिस्टकडे वळला तेव्हा एक नवा मेल आला होता. पाठवणारा ब्राझीलमधला कोणी तरुण, फार वर्षांपूर्वी एकदाच पॅच पाठवून लिस्टवरून कायमचा नाहीसा झालेला. त्याने स्वतःचं असं फक्त ‘आठवतं का?’ एवढंच लिहिलं होतं. त्याच्या खाली, संग्रहातून तारखेसकट उचललेलं, प्रफुल्लचं वाक्य होतं. ज्याला साधा मेल धड पाठवता येत नाही. त्यावर लिस्टवरच्या चौथ्या जातीने, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून, ‘मला बरं दिसतंय’ लिहायला सुरुवात केली होती.

प्रफुल्लने ते सगळं सावकाश वाचलं. वाक्य त्याचंच होतं, तारीख बरोबर होती, संदर्भही चोख. त्यात चूक काढायला कुठे जागाच नव्हती. त्याने पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि मग त्याला ती सापडली.

त्याने उत्तर लिहायला घेतलं. तरुणाची ओळ उद्धृत केली आणि तिच्या खाली लिहिलं: ‘आठवतं. पण तुम्ही आपलं म्हणणं उद्धृत मजकुराच्या वर लिहिलं आहे. ते खाली लिहायचं असतं.’